परातासन

आमच्या दोहाच्या ऑफिसात मी पहिल्यांदा "एक-दोन-तीन-चार" म्हटलं, आणि पहिल्या रांगेतला उंच मुलगा खुदकन हसला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं… हा आपल्याकडचा!

खरं सांगते, मला योगा येत नाही. कधीच येत नव्हता. पण फुटबॉलचा वर्ल्ड कप दोन वर्षांवर आला होता, स्टेडियमची ड्रॉइंग्ज संपता संपत नव्हती, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. ताण कमी व्हावा म्हणून कंपनीने रोज सकाळी व्यायाम ठरवला, आणि आमचे लेबनीज मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाले, "मुनीरा, तू इंडियन. योगा तुला येतच असणार. यल्ला, कर सुरू!"

नाही म्हणायची लाज वाटली. मग काय, म्हसळ्याच्या शाळेतली कवायत काढली आणि तिला नावं दिली. हात डोक्यावर नेऊन गोल फिरवायचे, ते परातासन. कमरेत वाकून उठायचं, ते उखळासन. बिचारे सगळे मन लावून करायचे!

पहिल्याच दिवशी पॅन्ट्रीत तो मुलगा शेजारी येऊन उभा राहिला.

"परातासन झालं… लाटणासन कधी शिकवणार, मॅडम?"

मराठीत! माझा चहा हिंदकळला.

"तुम्ही—"

"अमान. रत्नागिरीचा. आमचे गुरुजी हीच कवायत घ्यायचे. फक्त हातात छडी असायची."

"कुणाला सांगू नका… प्लीज."

"नाही सांगणार. पण मला 'तुम्ही' म्हणायचं नाही."

चोरी पकडली गेली की माणूस तोंड चुकवतो. मी शरमेने लाल व्हायचे, आणि तरी रोज सकाळी पहिल्या रांगेतले तेच मिश्कील डोळे शोधायचे.

त्या डोळ्यांपुढे एकदा तरी खरी ठरावं, म्हणून मी घोडचूक केली. व्हिडिओ बघून पाय डोक्यामागे न्यायचं आसन शिकवलं. अमानने ते सगळ्यांहून जास्त मनापासून केलं… आणि "या अल्ला!" म्हणून तिथेच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा लावून आला. "झोपेत मान आखडली," सगळ्यांना सांगत होता. आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरनी जाहीर केलं, पुढच्या आठवड्यापासून मुनीरा साइटवरच्या कामगारांनाही योगा शिकवणार! टाळ्या वाजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर ओझी वाहणारी ती माणसं… त्यांच्या मानाही मीच मोडायच्या?

अमान डोळ्यांनीच खुणावत होता— बोलू नकोस.

"मला योगा येत नाही," मी बोलले. "ही शाळेतली कवायत आहे. आणि अमानची मान माझ्यामुळे गेली."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर थंडपणे म्हणाले, "खलास. बंद हे सगळं. शिकलेला ट्रेनर बोलवा."

मी जिन्यात जाऊन बसले, तोंड ओढणीत. मागून सावकाश पावलं आली.

"काय गो… रडतेस?"

"तू खोटं का बोललास?"

"तुला कुणी हसलेलं मला चालत नाही. मी सोडून."

"आणि रोज पहिल्या रांगेत का यायचास? तुला तर माहीत होतं…"

"कवायतीसाठी कोण येतं?" तो हळूच म्हणाला. "इकडे बघ ना. माझ्याच्याने वाकवत नाही."

मी डोळे पुसत उठले, त्याच्यासमोर उभी राहिले. तो ताठच्या ताठ, आणि डोळ्यांत… मिश्किलपणा कुठेच नव्हता.

"मुनीरा, तुझ्या घरी माणसं पाठवू?"

लाजेवर लाज! काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ही मान अशीच राहिली, तर निकाहाला होकार कसा देशील?"

"कबूल तोंडाने म्हणतात, मानेने नाही." तो म्हणाला. "मी आत्ताच म्हणून ठेवतो… कबूल. तू?"

माझे कान तापले होते. पण या वेळी तोंड लपवावंसं वाटलं नाही.

"कबूल," मी म्हटलं.