मोईजचा अर्धा डाव

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मातीचे नमुने पोचवायचे, पोचपावतीवर सही घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं अमरावतीला परतायचं, एवढंच धम्मदीपचं त्या दिवशीचं काम होतं. ते साडेदहालाच आटोपलं. मे महिना अर्धा सरला होता. बसस्थानकावरच्या लोखंडी बाकांना हात लागला तरी चटका बसत होता. तो निघाला अमरावतीच्या फलाटाकडे, आणि जाऊन बसला बाळापूरच्या गाडीत.

पिशवीत जेवणाच्या डब्याखाली, रुमालात गुंडाळलेला शरभ होता.

आठ दिवसांपूर्वी त्याच्या बायकोनं, पायलनं, माळ्यावरची ट्रंक उघडली होती. तळाशी तिला तो चार इंची प्लास्टिकचा योद्धा सापडला. निळा झगा, वळणारे हात, छातीवर चंद्रकोर. "हे कोनाचं?" तिनं विचारलं. धम्मदीप म्हणाला, "माहंच." आणि त्या रात्रीपासून त्याला जेवण गोड लागेना.

शरभ त्याचा नव्हता.

सत्तावीस वर्षांपूर्वी धम्मदीपचे वडील बाळापूरला पंचायत समितीत नोकरीला होते. शेजारी अब्दुल सत्तार घड्याळवाल्यांचं घर. त्यांचा मोईज आणि धम्मदीप, दोघंही दहा वर्षांचे, एका ताटात जेवणारे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकोट के प्रहरी' लागायची. राक्षस, उडते घोडे, काजलरानीचे मंतर. त्या मालिकेतले बाहुले अकोल्याच्या दुकानात मिळायला लागले, तशी सत्तारचाचांनी मोईजला एकेक करून बारा आणून दिले. सहा मोईजच्या फौजेत, सहा धम्मदीपच्या. मधे खडूची रेघ. एकानं भिंतीकडे तोंड करून वीसपर्यंत मोजायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं आपली चाल करायची. शरभ मात्र कायम मोईजचा. तो त्यानं कधी कोणाला दिला नाही.

मग धम्मदीपच्या वडिलांची बदली झाली. निघायला दोन दिवस उरले असताना डाव अर्ध्यावर सोडून मोईज पाणी प्यायला आत गेला, आणि धम्मदीपनं शरभ खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खिडकीशी हाक आली. "धम्म्या, शरभ हरपला रे. मले वाटते काल सांजी नदीवर नेल्ता, तिथंच पडला असंल. चाल ना शोधाले."

शरभ उशीखाली होता. धम्मदीप डोळे मिटून पडून राहिला. मोईजनं आणखी दोनदा हाक मारली आणि एकटाच गेला. किल्ल्याखालच्या तापल्या वाळूत तो संध्याकाळपर्यंत शोधत होता. रात्री ताप चढला. ऊन लागलं, म्हणाले सगळे. तिसऱ्या दिवशी तो गेला.

हे धम्मदीपनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईबापाला नाही, पायललाही नाही.

बाळापूरला उतरला तेव्हा बारा वाजून गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वऱ्हाडातल्या मे महिन्याची दुपार रात्रीपेक्षा सुनसान असते. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती, आणि डोळ्यांना सहन होणार नाही असा पांढरा उजेड. घर तिथंच होतं. दार मोईजच्या आईनं, बिल्कीसखालांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. चाचा जाऊन चार वर्षं झाली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "धम्मदीप न तू? उन्हात काहून उभा? अंदर ये, बेटा."

त्यांनी माठातलं पाणी दिलं. दुसरा तांब्याही त्याला रिकामा करायला लावला. बायको काय करते, लेकरं किती, सगळं विचारून झालं. मग धम्मदीपनं कसंबसं विचारलं, "खाला, ते बाहुले... होते ना मोईजचे. आहेत का अजून?"

खाला उठल्या. "चाल."

आतल्या खोलीत अंधार होता. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा, त्याचा गार वास. कोपऱ्यातल्या शहाबादी फरशीवर खडूची रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बाहुले उभे. रंग उडालेले, पण एकावरही धूळ नव्हती. अलीकडे सहा. पलीकडे पाच.

"तसेच ठेवलेत तुम्ही?"

"त्यानं ठेवले तसे. रेघ पुसट झाली का पुन्हा ओढा लागते." खाला खाली बसल्या. आवाज हळू झाला. "तुले सांगतो, दुसऱ्या कोनाले सांगू नको. लोक म्हनतीन, बुढी वेडी झाली. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली का इथून खटखट येते. येऊन पाहाव, तं त्याच्या बाजूचा एखादा बाहुला भिंतीकडं तोंड करून उभा. मी सीधा करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच."

धम्मदीपनं हातातला तांब्या खाली ठेवला. भिंतीकडे तोंड करून उभा. म्हणजे मोजतोय. समोरच्यानं चाल करावी म्हणून.

"तुमाले... भेव नाही वाटत?"

"माहंच लेकरू हाय. त्याले काय भ्यायचं?"

त्यानं रुमाल सोडला. शरभ फरशीवर ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. खिसा, उशी, खिडकीतल्या तीन हाका.

खालांनी शरभ उचलला, ओढणीच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. बाहेर मशिदीतून दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

"दहा वर्साचा होता तू," त्या शेवटी म्हणाल्या. "पन हे मले काहून सांगतं? मी नाही तुह्यावाली वाट पाहून राहिली. त्याले सांग." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "मी नमाज पढून येतो."

दार लोटलं गेलं. थोड्याच वेळात पंख्याची पाती मंदावली, थांबली. लाईट गेली होती.

इतकी शांतता, की वाळ्याच्या पडद्यातून टपकणारा थेंब ऐकू येत होता. धम्मदीपनं शरभ रेघेपलीकडे, मोईजच्या फौजेत पहिल्या जागेवर ठेवला. मग अलीकडचा म्हातारा कूर्म, त्याच्या फौजेतला बाहुला, एक फरशी पुढे सरकवला. सत्तावीस वर्षांनी चाल झाली.

"मोईज," तो म्हणाला. "शरभ मी नेल्ता. हाक आली तेव्हा मी जागा होतो."

तो भिंतीकडे वळला. डोळे मिटले. सदतीस वर्षांचा माणूस, पोलादी पट्ट्याचं घड्याळ घातलेला, भिंतीला कपाळ टेकून मोजायला लागला.

"एक... दोन... तीन..."

सातपर्यंत काही नव्हतं. आठला वाळ्याचा वास गेला आणि त्या जागी दुसरा आला. तापलेल्या वाळूचा, घामेजल्या केसांचा. अकराला पाठीमागं, अगदी जवळ, कोणीतरी हसू दाबत असल्यासारखा श्वास. त्याला पळावंसं वाटलं. पण वीसच्या आत वळायचं नाही, हा नियम दोघांनीच केला होता, आणि मोईजशी एकदा लबाडी करून झाली होती.

"पंधरा... सोळा..."

खट्. प्लास्टिकचा पाय फरशीवर टेकल्याचा आवाज.

"...वीस."

तो वळला. खोलीत कोणी नव्हतं. काजलरानी जागेवर होती, उडता घोडा जागेवर होता. फक्त शरभ पलीकडच्या फौजेत नव्हता. तो रेघ ओलांडून अलीकडे, धम्मदीपच्या बाजूला येऊन उभा होता. हल्ला करायला आल्यासारखा नव्हे. तलवार खाली, तोंड मोईजच्या फौजेकडे, धम्मदीपच्या सैन्यातला एक होऊन.

जो त्यानं कधी कोणाला दिला नाही, तो.

धम्मदीप तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

खाला आल्या तेव्हा पंखा फिरत होता. त्याला वाटत होतं दहा मिनिटं झाली. घड्याळात साडेचार वाजले होते. खालांनी बाहुल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय म्हनला?"

"रागावला नाही, खाला."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. निघताना त्याला कैरीचं पन्हं पाजलं, फोन नंबर लिहून घेतला. शरभ त्यानं तिथंच राहू दिला. परतीच्या गाडीत, किती वर्षांनी कोण जाणे, त्याला गाढ झोप लागली. घरी गेल्यावर त्यानं पायलला सगळं सांगितलं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. खाला होत्या.

"बेटा, कामात तं नाही? एक विचाराचं होतं." त्यांचा आवाज दबका होता, झोपलेल्या घरात बोलतात तसा. "तू गेला तवापासून अंदर खेळ चालू हाय. लाईट असो, नसो. मोईजचा आवाज मी वळखतो. पन त्याच्यासंगं दुसरं कोन हाय रे?"

"दुसरं... कोण?"

"थांब. ऐक."

दार उघडल्याचा आवाज आला. मग काही क्षण नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून, भिंतीला कपाळ टेकवून मोजावं तसा, एका पोराचा आवाज. तेरा... चौदा... पंधरा... धम्मदीपच्या हातातली परीक्षानळी टेबलावर गडगडत गेली. तो आवाज मोईजचा नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता, फुटण्याआधीचा, दहा वर्षांचा.

वीस झाले. दोन पोरं एकदम हसली.

दार हळूच लोटलं गेलं. "ऐकलं ना?" खाला कुजबुजल्या. त्यांना उत्तर नको होतं बहुतेक. "तू फिकर नको करू, बेटा. माह्या घरी हाय तो. उन्हात नाही जाऊ देत मी दोघायले."