तीन रिंगांच्या फटी

पिस्टनच्या रिंगा बसवायला अक्कल लागत नाही, सवय लागते. प्रत्येक रिंगेला एका जागी बारीक फट असते. तिन्ही फटी तीन दिशांना ठेवायच्या, बस्स. एका ओळीत आल्या की इंजन तेल पितं आणि निळा धूर ओकतं. हे मला इमामसाब उस्तादांनी शिकवलं. ते म्हणायचे, "हिंदुराव, तीनों दरवाजे एक सीध में नक्को रखना रे."

सोलापुरात विजापूर रोडला माझं गॅरेज. १९७५च्या मार्चात मंद्रूपचा चनमल्लप्पा विहिरीवरचं इंजन घेऊन आला. मी नव्या रिंगा घातल्या, फटी तीन दिशांना फिरवल्या, चालू करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी इंजन बैलगाडीतनं परत.

"अवो, वल्लं जळण घातल्यागत धूर सोडतंय की!"

उघडलं. तिन्ही फटी एका ओळीत.

रिंगा चालता चालता थोड्या फिरतात, हे मलाही कळतं. भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे मी. पुन्हा लावल्या. चनमल्लप्पा हटून तिथंच बसला. अर्धा तास इंजन नीट चाललं, मग निळा धूर. उघडलं, तर पुन्हा तेच.

माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा पिस्टन इंजनात घातलाच नाही. फटी लावून तो टेबलावर उभा ठेवला आणि आम्ही दोघं चहा घ्यायला लागलो. बशी खाली ठेवायला मी मान वळवली, एवढंच. फटी एका ओळीत, आणि तोंड माझ्याकडं.

मी उठून टेबलाच्या पलीकडं गेलो.

चनमल्लप्पाची बशी हातातच राहिली. "हिंदुराव, त्या तुमच्या मागं मागं फिरत्यात. कुणाचं काय वाईट केलंय का तुमी?"

त्यानं सगळं उचलून गाडीत घातलं आणि दुसरा मिस्त्री गाठला. तिकडं त्याच रिंगा बिनतक्रार चालल्या.

केलं होतं वाईट. दोन वर्षांपूर्वी माढ्याच्या मानसिंगाच्या ट्रकचं इंजन मी घाईत बांधलं, फटी न बघता. ट्रक भर रस्त्यात बंद पडला. मानसिंग गॅरेजसमोर चारचौघांत शिव्या घालायला लागला, तेव्हा मी माझ्याच गॅरेजात काम करणाऱ्या उस्तादांकडं बोट केलं. म्हटलं, "म्हाताऱ्याला दिसत न्हाय आता." उस्ताद नुसते माझ्याकडं बघत राहिले. पुढं त्यांच्या हातात कुणी पाना दिला नाही. चार महिन्यांत माणूस झुरून गेला.

त्यांची बायको लालबी. गेलो तिच्याकडं, पाया पडलो, सगळं कबूल केलं. ती बिड्या वळत होती. हात थांबला नाही.

"त्यांनी मरताना कुणाचं नाव घेतलं न्हाय," ती म्हणाली. "मी घेते. रोज, पाच वक्त. तुमचं."

"चाची, माफ करा."

"माझ्या घरात कशाला सांगता? चारचौघांत बोललात, चारचौघांत सांगा. जुम्म्यापर्यंत. न्हाय तर माझ्या घरात झालं ते तुमच्या घरात होऊ दे."

शुक्रवारी गॅरेजसमोर दहा-बारा ड्रायव्हर होते. मानसिंगही आला होता. शब्द जिभेवर आला, देवाशपथ. तेवढ्यात मानसिंगानं खांद्यावर हात टाकला, "तुमच्यावानी मिस्त्री न्हाय सोलापुरात!" आणि मी हसलो. हरामखोर माणूस मी, दुसरं काय!

शनिवारी सकाळी विजयमाला, माझी बायको, पाय पसरून तांदूळ निवडत होती. पायातल्या जोडव्यांनाही फट असते. ती बोटाखाली, जमिनीकडं राहते, कुणाला दिसत नाही.

मला दिसली. दोन्ही पायांतली, तोंड माझ्याकडं.

"टोचत न्हाईत का गं?"

"न्हाय. काल सांजपासनं सारखी फिरत्यात बगा. सैल बी झाल्यात. गळून पडतील आता."

मी दारातनं चुलीकडं सरकलो. तिनं पाय हलवले नव्हते.

जोडव्यांच्या फटी हळूच चुलीकडं वळल्या.