अक्षदाची चव

"खबरदार, आय!"

हेमांगीचा हात इतक्या वेगाने पुढे झाला, की सासूने चिमुकल्या अक्षदाच्या तोंडाशी नेलेला सुरमईचा तुकडा उडून सतरंजीवर पडला, आणि कळव्याच्या खाडीकाठच्या त्या हळदीच्या मांडवात, बेंजोचा गजर चालू असतानाही, जेवणाऱ्या माणसांच्या माना वळल्या...

"माझे हाताव मारतंस? सगले भावकीसमोर?" सासू, जनीबाई, ओरडल्या. "कोल्याची पोर, न् तिला म्हावरा बंद! उपाशी मारतंय ही माझे नातीला!"

उपाशी! अक्षदाच्या जन्मापासून हेमांगी हाच आरोप मुकाट्याने गिळत आली होती. लेक तान्ही असतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या शरीराला प्रथिनं सोसत नाहीत; मासे, अंडी, डाळ, दूध, सगळं विष होऊन मेंदूत साचेल. तिला तारणारी एकच गोष्ट होती, पाण्यात कालवून प्यायची एक कुबट वासाची पावडर, आणि घरातला प्रत्येक जण त्या वासाने नाक मुरडत होता.

आज नवरा सुदेशही मान खाली घालून उभा राहिला, आणि तिच्या अंतःकरणातला बांध फुटला!

"पुन्हा भरवाल तर पुन्हा मारीन! माझ्या लेकीपुढे मला ना भावकी मोठी, ना तुमचा मान! सुदेश, तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस... मी एकटी पुरेशी आहे तिला!"

"बिचारी पोर," चुलतसासू वासंती हळहळली, "कशी आशेनं बघतंय म्हावऱ्याकडं..."

"मी नाही बघत!" अक्षदाने पिशवीतून आपली पावडरीची बाटली काढली आणि घटाघटा प्यायली. "म्हावऱ्याला वास येतो. मला हेच आवडतं."

"बघू, काय पाजतंय ही तुला!" जनीबाईंनी बाटली हिसकावून मोठा घोट घेतला... आणि तोंड दाबून मांडवाबाहेर धावल्या. परतल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे... हे तुला ग्वाड लागतंय, बाय?"

"मस्त लागतं!" अक्षदाने ओठ चाटले.

जनीबाईंनी तिची हनुवटी वर केली. त्या निरागस, तृप्त चेहऱ्यावर उपासमारीची खूण शोधूनही सापडेना!

"म्या माझे जिभंनं तिची जीभ मोजली गो..." त्या पुटपुटल्या. मग एकाएकी सुनेकडे वळल्या. "आन् तू? लगीन होऊन आलीस तवा कालवनाचा टोप पुसून खायचीस. आता म्हावऱ्याला का शिवत नाय?"

"ती रांगत माझ्या ताटाशी यायची, आय..." हेमांगीचा आवाज प्रथमच कापला. "तिला दूर लोटून घास उतरेना. मग सोडूनच दिलं."

"आन् म्या तुला वैरीण म्हनलं..."

"आता काय, सुनंचे पाया पडतंस का जने?" वासंती फणकारली.

"पडन!" जनीबाई कडाडल्या. "माझे सुनेला न् नातीला आता कोन काय बोलला, तर पानावरून उठवीन!"

सुदेशने नवं ताट आणून बायकोपुढे ठेवलं. जनीबाईंनी सुरमईचे काटे काढून घास पुढे केला. "खा गो माझे लेकी. तिला तिचा ग्वाड, तुला तुझा."

"ई!" अक्षदाने नाक दाबलं.

आणि हेमांगीने, अश्रू न पुसता, साऱ्या भावकीच्या नजरेला नजर देत, तोंड उघडलं!