मोकळी केलेली जागा

हातात घेतलेली चूक तडीस नेल्याशिवाय ती सोडत नसे, म्हणून ऑफिसात सगळे तिला 'जळू' म्हणत. तिलाही ते आवडे. ब्राउझरमधल्या चोरवाटा शोधून बुजवणं हे तिचं काम, आणि नवी आवृत्ती संध्याकाळी पाचला लाखो लोकांकडे जाणार होती.

आजची चूक जुन्या ओळखीतली होती. पान बंद केलं की ब्राउझर त्याची मेमरीतली जागा सोडून देतो. पण प्रोग्रॅममधल्या एखाद्या ओळीकडे त्या जागेचा पत्ता राहून जातो. भाड्याची खोली सोडली आणि किल्ली खिशातच राहिली, तसं. त्या किल्लीने चोर आत शिरला की लोकांचे पासवर्ड गेलेच. म्हणून सोडलेल्या जागेत नुसते साताचे आकडे भरून ठेवायची इथली रीत होती. कुणी तिथं डोकावलं तर सातच दिसणार.

दीड वाजता ब्राउझर कोसळला. तिने ती जागा उघडून पाहिली. साताच्या रांगाच रांगा, आणि मधेच एक ओळ: 'ताई, डबा तसाच ना?'

रोज दीडला असं विचारणारा एकच होता, तिचा धाकटा भाऊ. इथंच, शेजारच्या टेबलावर काम करायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. तिच्या घराची दुसरी किल्ली, निळा दोरा बांधलेली, कायम त्याच्या खिशात असे. ती काही शेवटपर्यंत सापडली नाही.

"कुणाचे उद्योग हे?" ती कडाडली. "थट्टेलाही काही सुमार असतो!"

"आईशप्पथ, कुणी हात नाही लावला," पलीकडचा टेस्टर म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

तिने कोरं मशीन घेतलं, नेटची वायर काढली. पुन्हा तेच पान उघडून बंद केलं. पुन्हा तीच ओळ.

मग मात्र ती इरेला पेटली. साडेतीनला चूक सापडली. प्रोग्रॅममधली ती चुकीची ओळ भावानेच लिहिलेली होती. पत्ता सोडून द्यायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं.

"मिळालं का काही?" टीमच्या मॅडमनी येऊन विचारलं. "नसेल तर आवृत्ती थांबवते."

"मिळालं. थांबवू नका."

बोट मात्र हलेना. ही वाट बुजवली की तोही कायमचा गेला. तिला रडू फुटलं. मग तिने डबा ओढला, शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि पान पुन्हा एकदा बंद केलं.

'शहाणी माझी ताई. आता लाव दार.'

तिने डोळे पुसले.

प्रोग्रॅममधली ओळ दुरुस्त केली.

चाचणी हजार वेळा चालवली. सगळीकडे फक्त सात.

ती घरी आली तेव्हा कुलूप सकाळी लावलेलं तसंच होतं. तिने ते उघडलं, आत जाऊन दिवा लावला.

दारामागच्या खिळ्यावर दुसरी किल्ली अडकवलेली होती. तिचा निळा दोरा अजून हलत होता.