‘जमलं’ आणि ‘फिसकटलं’

पत्रकारांच्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये प्लगसाठी नुसती मारामारी! तिच्या लॅपटॉपनं ऐन वेळी मान टाकली, आणि शेजारून एक एक्स्टेन्शन बोर्ड हळूच सरकत तिच्यासमोर आला.

“एक जागा रिकामी आहे.”

विस्कटलेले केस, गळ्यात हेडफोन, आणि डोळे... हसरे.

“भाडं?” तिनं विचारलं.

“रोज एक कॉफी. माझ्यासोबत.”

तो रेडिओवाला, ही पेपरवाली. हवामान बदलावर जगभरातले देश बारा दिवस वाटाघाटी करणार होते आणि ही दोघं बारा दिवस एकाच बोर्डावर. तिसऱ्या दिवसापर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं सुद्धा.

“गंमत बघ,” ती म्हणायची, “टाळ्या त्याच. एका पेपरात ‘ऐतिहासिक विजय’, दुसऱ्यात ‘उघड विश्वासघात’, आणि टीव्हीवाल्यांना हवा डुलकी घेणारा मंत्री!”

“आम्ही नुसत्या टाळ्या ऐकवतो. पुढचं लोकांनी ठरवावं.”

“वा! म्हणजे स्वतः काही बोलायलाच नको.”

हे ती रेडिओबद्दल बोलत होती? छे हो! माइकसमोर घडाघडा बोलणारा हा गडी तिच्यासमोर मात्र “मी काय म्हणत होतो...” इथवर यायचा आणि कॉफीत साखर ढवळत बसायचा. बारावा दिवस उजाडला. संध्याकाळी दोघांची विमानं, दोन वेगळ्या दिशांना. तो बोललाच नाही तर?

दुपारी सगळ्यांनी आपापल्या दोन बातम्या लिहून ठेवल्या. हा या धंद्यातला रिवाजच. एक ‘जमलं’, एक ‘फिसकटलं’. निकाल लागला की एक पाठवायची, दुसरी पुसून टाकायची.

तीन वाजता परिषदेच्या अध्यक्षांचा हातोडा पडला. जमलं! ती गर्दीत दाराबाहेरच अडकली होती, तो आत होता. संपादकसाहेब फोनवर कडाडले, “दहा मिनिटांत बातमी हवी! अध्यक्षांच्या वाक्यासकट!”

“वाक्य पाठव ना, पटकन!” तिनं त्याला कळवलं आणि धावत टेबल गाठलं. फाइल आलीच होती. तिनं उघडली.

‘जमलं : ताई, विचारलं तिला. हो म्हणाली! आईला तूच सांग, मला लाज वाटते.’

त्याखाली,

‘फिसकटलं : ताई, विचारलं. नाही म्हणाली. घरी येतोय. दोन दिवस मला कुणी काही विचारू नका.’

वर तारीख होती, तिसऱ्या दिवसाची. तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात लॅपटॉप काखेत धरून तो धापा टाकत आला. “भलतीच फाइल गेली! उघडू नकोस—”

“उघडली.”

तो कानापर्यंत लाल झाला.

“आधी अध्यक्षांचं वाक्य सांग.” त्यानं अडखळत सांगितलं, तिनं टाइप केलं, बातमी गेली. दोन मिनिटं राखून! मग ती खुर्ची वळवून त्याच्याकडे वळली.

“नऊ दिवस बातमी दाबून ठेवलीस?”

“भीती वाटली गं. खालचीच पाठवावी लागली असती तर?”

“पण घटना घडलीच नाही. न विचारता ताईला कळवणार होतास काय?”

हॉलभर फोन खणखणत होते, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यानं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मला तू फार आवडतेस. लग्न... करशील माझ्याशी?”

तिनं त्याचा लॅपटॉप ओढला आणि खालचा सगळा मजकूर पुसून टाकला.

“वरच्या बातमीत एक दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “‘हो म्हणाली’च्या आधी ‘लगेच’ घाल. आणि पाठव आता, ताई वाट बघत असतील.”