तळाखालचा हात

माघातल्या अमावास्येला, सकाळच्या ओहोटीत, कुर्लीने आमच्या लाँचच्या तळाचा एक फोटो पाठवला. त्यात एक हात होता.

गोल तळवा, जेवणाच्या ताटाएवढा. त्यातून निघालेली पाच बोटं, लांब, टोकाशी निमुळती. माणसाचा हात एवढा मोठा नसतो, त्यामुळे तो माणसाचा नव्हता हे मला लगेच कळलं. पण हात होता. आमच्या घराला खालून कुणीतरी धरलं होतं.

"मोजमाप," कुर्ली तिच्या सपाट आवाजात म्हणाली. "बोटांच्या जागी पत्र्याची जाडी दोन मिलिमीटर. त्रिपुरी पौर्णिमेला पाच होती."

"मग बाकीचं लोखंड कुठे गेलं?"

"पाण्यात."

"कुणी नेलं?"

"नोंद नाही. मी तिथे असताना दुसरं कुणी नव्हतं."

कुर्ली म्हणजे आमचा खेकड्यासारखा यंत्रमानव. लोहचुंबकाच्या पायांनी ती तळाला उलटी चिकटून चालते, पुढच्या पाच पात्यांनी कालवं आणि शिंपले खरवडते, आणि पत्र्याची जाडी मोजते. आईने तिला भंगारातून उचललं होतं. तसं पाहिलं तर आमचं सगळं घरच भंगारातून उचललेलं आहे.

मी आठ वर्षांची असताना खाडी आमच्या आळीत शिरली आणि परत गेलीच नाही. सरकारने घाटावरच्या वसाहतीत खोल्या दिल्या. आई एकदा जाऊन बघून आली आणि म्हणाली, "तिथे माझ्या हातोड्याचा आवाज कुणाला चालायचा नाही." मग तिने मोडीत निघालेली एक प्रवासी लाँच घेतली. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद. बाबा आखातात जहाजावर असतात, ते फोनवर इतकंच म्हणाले, "मंजिरी, आईला आवर." आईला आवरणं म्हणजे भरती आवरणं.

वर्षभर आम्ही ती लाँच सजवली. टपावर जुन्या शाळेचे उतरवलेले सौर पट्टे. बाकाखाली रिक्षांच्या बॅटऱ्या. उन्हाची धग आत येऊ नये म्हणून भिंतींच्या पोकळीत नारळाचा काथ्या ठासला. तो सोलून सोलून माझी नखं झिजली. पावसाचं पाणी पिंपात, आणि संडासात पाण्याऐवजी भुसा. विजेची तार नाही, नळ नाही. डब्यात राहायचं तर डब्यासारखं नीट लावून राहावं लागतं, हे मात्र मला अजून जमलेलं नाही.

तळाला एक भोक होतं, बशीएवढं. त्यावर ठिगळ हवं होतं. आई तांबटाच्या घरातली आणि स्वतः तांबट. तिने पणजीचं घंगाळ काढलं, ठोकून सपाट केलं आणि बोल्टांनी भोकावर गच्च बसवलं. "लोखंड गंजतं. तांबं कधी दगा देत नाही," ती म्हणाली. मग सगळ्या तळाला लाल रंग दिला, फक्त ते ठिगळ सोडून. तांबं झाकायचं नसतं, असं ती म्हणते.

फोटोतला तळवा म्हणजे तेच ठिगळ, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. पण त्याने भीती कमी झाली नाही. आम्ही लावलेल्या ठिगळाला बोटं फुटली होती.

शेजारच्या होडीतल्या जनाईमावशींना मी फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि फोन चटकन माझ्या हातात दिला.

"खाडी भुकेली हाय गो," त्या हळू म्हणाल्या. "तिच्या पाठीवर ऱ्हायचं तर तिला काय तरी द्यावं लागतं. तुम्ही दिलं नाय. आता ती आपणहून घेतेय."

दुपारी आई गिऱ्हाइकांच्या तांब्याच्या भांड्यांना चकाकी द्यायला काठावर गेली. मी आतली फळी उचलली. खाली अंधार, ओलसर वास, आणि उघडा पत्रा. पालथं पडून मी हात खाली घातला आणि बोटं असावीत तिथे माझी बोटं पसरली. लोखंड बर्फासारखं गार होतं. पलीकडून पाणी अगदी हलकेच चाचपडत होतं. माझा हात आणि तो हात यांच्यामध्ये फक्त दोन मिलिमीटर होते, म्हणजे माझ्या वहीचा पुठ्ठा. मी हात काढून घेतला तेव्हा तळव्यावर थंडपणा बराच वेळ राहिला. मला रडू आलं, आणि ते भीतीपेक्षा रागाचं होतं. हे माझं घर होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुर्लीचं यंत्र बिघडलंय. फुकटात मिळालेलं ते." पण त्या दिवशी जेवताना ती तीनदा खालच्या फळीकडे बघत होती.

मग मी आप्पाआजोबांना कळवलं. ते बाबांचे वडील. आयुष्यभर त्यांनी बॅटऱ्यांवर संशोधन केलं. आईने त्यांना स्वतःहून कधीच बोलावलं नसतं, कारण लाँच घेताना ते म्हणाले होते, "कुंदा, लोखंड आणि खारं पाणी यांचा संसार सोपा नसतो." आईला तेव्हा ते लागलं होतं.

आप्पाआजोबा विजेच्या एसटीने आले. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "एक काचेची बरणी दे. खाडीचं पाणी, पूजेतली तांब्याची पळी आणि एक लोखंडी खिळा."

खिळ्याला त्यांनी माझं नखांचं लाल पॉलिश फासलं आणि वाळल्यावर सुईने एक बारीक ओरखडा काढला. पळी आणि खिळा पाण्यात सोडले, एकमेकांना न टेकता, आणि वरून तारेने मीटरला जोडले. बरणीत काही हलत नव्हतं. आम्ही कळ दाबली नव्हती, बॅटरी लावली नव्हती. तरी मीटरवर आकडा उठला. तो थोडा खाली-वर होत राहिला.

"वीज कुठून आली?" मी विचारलं.

"आपणच विद्युतघट (रसायनांपासून वीज देणारी मांडणी, म्हणजे टॉर्चमधला सेल) बनवलाय. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि वरून जोड. झाला सेल."

मग त्यांनी मीटर काढून तार सरळ जोडली आणि बरणी तशीच ठेवली. सकाळी पळी लख्ख होती. खिळ्याच्या ओरखड्यातून मात्र तपकिरी धुराची एक बारीक रेघ पाण्यात उतरत होती.

"प्रत्येक धातूत इलेक्ट्रॉन असतात," आप्पाआजोबा म्हणाले, "ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण. तांबं आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं. लोखंडाची पकड सैल. दोघांना जोडलं की लोखंडाचे इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातात आणि पाण्यातला प्राणवायू तिथे ते घेतो. मागे उरलेला लोखंडाचा अणू आयन (विद्युतभार असलेला अणू) होऊन पाण्यात निघून जातो. तांब्याला मात्र काहीच होत नाही."

आई दारात उभी होती. "म्हणजे माझं ठिगळच लोखंड खातंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "वीस वर्षं तांबं ठोकतेय मी. मला हे कळायला हवं होतं."

"तुझं तांबं अजूनही दगा देत नाहीये, कुंदा. दगा बसतोय तो त्याच्या शेजाऱ्याला," आप्पाआजोबा म्हणाले. "आणि भांड्यांच्या धंद्यात खारं पाणी कुठे येतं? कसं कळणार?"

"पण बोटं?" मी विचारलं. "पाचच बोटं कशी?"

त्यांनी बरणीकडे बोट केलं. "खिळा कुठे झिजला?"

"ओरखड्यात. रंग गेला तिथेच."

"रंग असेल तिथे पाणी लोखंडाला शिवत नाही. जिथे रंग निघालाय, सगळी झीज तिथेच होते. आता सांग, तळाचा रंग कुणी काढला?"

मी कुर्लीकडे बघितलं. तिची पाच पाती पंख्यासारखी पसरलेली होती. ठिगळापासून बाहेर, दर पंधरवड्याला, त्याच जागी, तेवढाच दाब देऊन ती खरवडत होती. आईनेच तिला सांगितलं होतं, ठिगळाच्या कडा स्वच्छ ठेव.

कुर्लीने पाती मिटली. "मी तिथे असताना दुसरं कुणी नव्हतं," ती म्हणाली. "तो हात माझा होता."

"अर्धा तुझा, अर्धा माझा," आई म्हणाली, आणि तिने कुर्लीच्या पाठीवरचा चिखल पदराने पुसला.

उपाय उरला होता. होळीच्या पौर्णिमेला मोठी ओहोटी येते. त्या सकाळी लाँच वाळूतल्या ओंडक्यांवर टेकवायची, तांबं काढून लोखंडी पत्रा जोडायचा, ओरखड्यांवर रंग द्यायचा. "पण तेवढ्याने भागायचं नाही," आप्पाआजोबा म्हणाले. "लाँचचा पाण्यातला पंखा पितळेचा आहे, त्यात तांबं आहेच. लोखंडापेक्षा सैल हाताचा धातू सोबत हवा. जस्त. त्याला जोडलं की इलेक्ट्रॉन जस्त देतं, झिजतं तेच, आणि लोखंड वाचतं. त्याला म्हणतात बळीचा धातू."

"जस्त?" आई पहिल्यांदा हसली. "पितळ ओतायला लागतं म्हणून माझी पेटी भरलीय त्याने."

होळीपर्यंतचे पंधरा दिवस मी त्या फळीवर पाय दिला नाही. पौर्णिमेला, पाणी हटल्यावर, आम्ही तिघं ओल्या वाळूत आडवे झालो आणि मी तो हात खरोखरीच बघितला. बोटांत माझी बोटं बसली. लोखंड मऊ, काळपट, भिजल्या बिस्किटासारखं सुटत होतं. भरती परतेपर्यंत नवा पत्रा बसला होता, आणि त्याच्या शेजारी विटेएवढं राखाडी जस्त.

जनाईमावशी बघायला आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, इलेक्ट्रॉनसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खाडी खात होती."

"हो. पण..."

"आन तुम्ही तिला दुसरं काय तरी दिलंत."

आप्पाआजोबा म्हणाले की हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचं बरं सार आहे.

आता वैशाख आहे. आठ होड्यांनी आईकडे जस्ताच्या विटा सांगितल्यात, आणि सगळ्यांचे तळ मोजायला कुर्ली जाते, पाती बोथट करून. आप्पाआजोबा म्हणतात, आणखी दहा वर्षांनी अर्धा किनारा पाण्यावर राहत असेल, तेव्हा हे मोजमाप प्रत्येक पोराला यायला हवं. मी शिकतेय.

काल अमावास्येला कुर्लीने वर येऊन सांगितलं, "लोखंड, होतं तेवढंच. जस्त, थोडं कमी."

मी फळी उचलली, गार पत्र्यावर तळवा ठेवला. पलीकडे पाणी तसंच चाचपडत होतं. या वेळी मी हात काढला नाही.

"जेव," मी खाडीला म्हटलं. "तुझं ताट बाजूला वाढलंय."