उताणी झाकणं

लातूर जिल्हा झाला आणि ईश्वरप्पांची बदली उस्मानाबादहून लातूरला झाली. नव्या कलेक्टर कचेरीत फायली आल्या होत्या, कपाटं अजून यायची होती. त्यामुळं अव्वल कारकून ईश्वरप्पा सतरंजीवर मांडी ठोकून जिल्हा चालवत होते. जिल्हा झाला म्हणून नळाचं पाणी मात्र वाढलं नाही. पावसानं त्याही साली ओढ दिली होती, आणि गंजगोलाईच्या मागं सुलतानबीच्या घरात भाड्यानं उतरलेल्या शिवकांताबाईंचा निम्मा दिवस घागरींच्या रांगेत जाई.

उरलेला निम्मा कोठीत. बदली झाली की बाकीच्या बायका आधी देव मांडतात, आमची बाई डबे मांडते, असं ईश्वरप्पा चारचौघांत चिडवत. शिवकांताबाई त्याकडं काणाडोळा करत. या घराची कोठी त्यांच्या मनासारखी होती. स्वयंपाकघराला लागून एक थंड, काळोखी खोली, आणि एका भिंतीला जमिनीपासून पार डोक्याच्या वरपर्यंत शहाबादी फरशीच्या फळ्या. ज्वारीची पोती त्यांनी कोपऱ्यात लावली. राखेत घोळलेले मूग, लिंबाचा पाला घातलेली हरभऱ्याची डाळ, एरंडेल चोळलेली तूर, तांदूळ असं खालून वर लावत नेलं. मुंग्यांच्या भीतीनं गूळ सगळ्यात वर, तिथं पाटावर चढल्याशिवाय हात पोचत नसे. रिकामा डबा फळीवर ठेवायचा नाही, तळाशी मूठभर तरी राहू द्यायचं, ही त्यांच्या आईची शिस्त. लग्नानंतर धर्माबादहून निघताना आईनं त्यांची ओटी भरली होती, आणि ओटीतले चार दाणे परत घरच्या तांदळात टाकायला लावले होते. "जाणाऱ्या लेकीनं मागं टाकून जावं बाई," आई म्हणाली होती, "म्हंजी माहेरचा डबा रिता ऱ्हात न्हाई."

घर लागलं, आणि एका सकाळी गुळाचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर दिसला. झाकण त्याच्यावरच होतं, पण उताणं.

"उंदीर असंल," ईश्वरप्पा दाढी करता करता म्हणाले.

"उंदीर डबा उचलून खाली ठिवतो व्हय?"

त्यावर ते हसले. मग आरशातच त्यांचं हसू थांबलं. उताणं झाकण त्यांनाही ओळखीचं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात ते औशाला होते. शिवकांताबाईंचे डबे रिकामे राहिले ते आयुष्यात तेवढ्या एकाच वर्षी. रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीवर, मिलोवर दिवस निघत होते. त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला, जगदेवीला, त्या रिकाम्या डब्यांचं भारी सुख झालं. ती कोठीत सगळे डबे जमिनीवर मांडायची, झाकणं उताणी करून त्यांची ताटं करायची, खडे वाढायची आणि हाक मारायची, "आई, जेव की." खेळून झालं की झाकणं तशीच उताणी डब्यांवर ठेवायची. मध्येच विचारायची, "गूळ कवा आणायचा?" शिवकांताबाई म्हणायच्या, "पाऊस पडला की." पावसाच्या आधी गावात गढूळ पाण्याची हगवण आली आणि जगदेवी गेली. पुढं पाऊस पडला, गूळही आला. मागणारी नव्हती.

म्हणून शिवकांताबाईंनी गुळाचा डबा खालच्या फळीवरच राहू दिला. दुसऱ्या दिवशी ढेपेवर बारीक नखांचे ओरखडे होते. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि तो इतका दाटून आला की त्या कोठीचं दार ओढून घेऊन पोत्यावर बसल्या आणि पोटभर रडल्या.

घरमालकीण सुलतानबी बांगड्या भरायचं काम करी. नुसता हात बघून माप सांगण्यात तिचा हातखंडा होता. शिवकांताबाईंना बांगड्या भरून झाल्यावर तिनं टोपलीतून इवल्याशा लाल बांगड्या काढल्या.

"ह्या तुमच्या पोरीला. त्या खोलीच्या दारातून हात दिसला तिचा. लई बारीक हाय हो मनगट." आणि जरा थांबून, "बाहीर येत न्हाई का?"

नाही म्हटलं तर सगळंच जाईल, असं शिवकांताबाईंना वाटलं.

"लाजती," त्या म्हणाल्या.

बांगड्या त्यांनी गुळाशेजारी ठेवल्या. सकाळी तिथं नव्हत्या.

गुळाचा डबा आता एका जागी राहीना. तो दुसऱ्या फळीवर गेला, काही दिवसांनी तिसऱ्या. ओरखड्यांच्या जागी बोटांच्या खुणा आल्या. शिवकांताबाईंनी नवऱ्याला सांगितलं. ईश्वरप्पा जेवण अर्धं टाकून उठले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना मात्र ते रेवड्यांचा पुडा घेऊन आले आणि कोठीच्या दारात उभे राहिले.

"कुठल्या फळीवर ठिवू?" त्यांनी हळूच विचारलं.

शिवकांताबाईंनी आपल्या छातीएवढ्या फळीवर हात ठेवला.

त्यानंतर एकदा कोठी आपोआप लावलेली दिसली. हा खेळ नव्हता. सुकलेला पाला काढून ताजा घातलेला, जुनी डाळ वर आणि नवी खाली, रोजचे डबे पुढं. शिवकांताबाईंच्या हातून इतकं नेटकं कधी झालं नव्हतं. पोरगी कामाला हुशार निघाली म्हणून त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांची नजर वर गेली. गूळ सगळ्यात वरच्या फळीवर होता, त्यांनी पहिल्यांदा ठेवला होता तिथं. झाकण उताणं, आणि पाट मात्र स्वयंपाकघरात भिंतीला टेकलेला होता.

त्याच दुपारी सुलतानबी हिरव्या बांगड्या घेऊन आली.

"आता हिरवा चुडाच लागंल, बाई. पोरगी उंचीला तुमच्या पुढं गेली. कुठं जमवलं का न्हाई?"

शिवकांताबाईंनी चुडा घेतला. इतकी मोठी झालेली पोर घरात किती दिवस राहणार? एकदा मातीनं नेली, आता कोण नेणार होतं? त्यांच्या मनात आलं, ती आली ती चार वर्षांची होऊन आली होती. पुन्हा तेवढीच झाली तर कुठं जाणार नाही.

धान्याला ऊन दाखवायचं निमित्त करून त्यांनी सगळे डबे अंगणात चादरीवर ओतले. रिकामे डबे, गुळाचासुद्धा, कोठीत नेऊन ठेवले. आईची शिस्त त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या हातानं मोडली.

सकाळी दार उघडलं. डबे जमिनीवर मांडले होते, लहान मुलाच्या हातानं वाकडेतिकडे. झाकणं उताणी, प्रत्येक झाकणात खडे. समोर त्यांच्यासाठी पाट मांडलेला. गुळाचा डबा आडवा पडला होता. आत, तळाच्या पत्र्यावर, बारीक नखांचे ताजे ओरखडे होते.

"न्हाई गं माझे बाई," शिवकांताबाई म्हणाल्या. "उपाशी न्हाई ठिवणार तुला."

पदर खोचून त्यांनी एकेक डबा पुन्हा शिगोशीग भरला. गुळाची नवी ढेप वरच्या फळीवर चढवली. ईश्वरप्पा दारातून बघत होते.

"एक खण लागतोय," त्या त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "हिरवा."

ते काही न विचारता बाजारात गेले आणि चांगला जरीकाठी खण घेऊन आले.

दिवेलागणीला शिवकांताबाईंनी सूप कोठीत नेलं. हळद लावलेले तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी, गुळाचा खडा, खण, त्यावर हिरवा चुडा. पाटावर चढून त्यांनी सूप वरच्या फळीवर ठेवलं आणि खाली उतरल्या. समोर कुणीच नव्हतं, तरी त्यांनी कुंकवाचं बोट उंच धरलं, आणि ते धरताना त्यांना टाचा वर कराव्या लागल्या. बोट खाली आलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं.

"सुखी ऱ्हा," त्या म्हणाल्या. मागं ईश्वरप्पा तोंडावर उपरणं धरून उभे होते.

सकाळी सूप रिकामं होतं.

गुळाच्या डब्याचं झाकण सुलटं होतं. सगळ्याच डब्यांची झाकणं सुलटी, घट्ट बसवलेली होती.

शिवकांताबाईंनी तांदळाचा डबा खाली घेतला. झाकण निघेना. ईश्वरप्पांनी सांडशीच्या टोकानं ते उचकटलं.

पांढऱ्या तांदळावर, मधोमध, हळद लावलेले चार दाणे होते.

शिवकांताबाईंनी ते तळहातावर घेतले. कोठीतली फरशी गार होती, डबा गार होता. दाणे अजून कोमट होते.